ग्रिडलॉक म्हणजे कोंडी, पण कोणी केलेली?

अनुवादाचं काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अमेरिकी राजकारणावरच्या लेखात एक वाक्य आलं: निवडणुकीच्या पैशाबाबतच्या कायद्यात सुधारणा होण्याची आशा वॉशिंग्टनमधल्या 'ग्रिडलॉक'पायी मावळली आहे. ग्रिडलॉकसाठी त्यांनी 'गतिरोध' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'कोंडी' केलं. पुढे 'डार्क मनी'साठी त्यांनी 'काळा पैसा' लिहिलं होतं, ते मात्र तसंच ठेवलं. कोणाचं बरोबर?

संपादकांनी खोडलं ते बरोबर खोडलं, आणि ठेवलं ते चुकीचं ठेवलं.

'गतिरोध' आपल्याकडे हिंदी बातम्यांतून येतो. संस्कृत शब्द आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण मराठी माणसाच्या कानाला तो शब्द ऐकला की रस्त्यावरचा गतिरोधक आठवतो. गतिरोधकावर गाडी हळू होते, आदळते, पण पलीकडे जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेत असे गतिरोधक मुद्दाम घातलेले आहेत. कायद्याला दोन्ही सभागृहांची संमती हवी, वर राष्ट्राध्यक्षांची सही हवी, त्यांनी नकाराधिकार वापरला तर तो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं हवीत. घाईने कायदे होऊ नयेत हा त्यामागचा हेतू. ग्रिडलॉक म्हणजे हे नव्हे.

हा शब्द मुळात राजकारणाचा नाहीच, वाहतुकीचा आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १८११ च्या आराखड्यानुसार रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले आहेत. १९८० मध्ये तिथे बस आणि भुयारी रेल्वेचा संप झाला, सगळं शहर मोटारी घेऊन रस्त्यावर उतरलं, आणि वाहतूक खात्यातल्या सॅम श्वार्ट्झ नावाच्या अभियंत्यामुळे 'ग्रिडलॉक' सर्वांच्या तोंडी बसला. पुढे लोक त्यांना 'ग्रिडलॉक सॅम'च म्हणू लागले. होतं असं की सिग्नल हिरवा असतो म्हणून तुम्ही चौकात शिरता, पण पुढे जागाच नसते. तुम्ही मधोमध थांबता, त्यामुळे आडव्या रस्त्यावरची रांग अडते. ती रांग मागे वाढत पुढच्या चौकात शिरते, तिथून त्याच्या पुढच्या, आणि चार चौकांना वळसा घालून शेवटी तुमच्याच पुढच्या गाडीला आडवी येते. साप आपलंच शेपूट गिळून बसतो. प्रत्येकाला दिसते ती समोरच्याची गाडी. पुण्यात संध्याकाळी सात वाजता कुठल्याही मोठ्या चौकात उभं राहिलेल्याला हे आणखी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून 'कोंडी' चपखल. वाहतुकीची कोंडी आपण रोज म्हणतो आणि राजकीय कोंडीही म्हणतो. दोन्ही भाषांत शब्द एकाच रस्त्याने आलाय. फक्त एक सांभाळा. मराठीत कोंडी 'होते' तशी 'केली'ही जाते. कोंडवाड्यात गुरं आपणहून जात नाहीत. 'विरोधकांनी सरकारची कोंडी केली' या वाक्यात कोंडणारा कोण आणि कोंडलेला कोण हे स्वच्छ असतं. ग्रिडलॉकमध्ये ते तसं नसतं. तेव्हा अनुवादात 'कोंडी झाली' लिहा, 'केली' लिहू नका. आणि लेखात कोणी एकाने अडवल्याचं सांगितलं असेल, तर सरळ 'अडवणूक' लिहा.

अमेरिकेच्या या विशिष्ट प्रकरणात दोन्ही आहे, आणि इथेच घोडं पेंड खातं. सिनेटमधल्या 'फिलिबस्टर'ला आपली वर्तमानपत्रं 'वेळकाढूपणाची भाषणं' म्हणतात. एके काळी ते खरं होतं. सिनेटर स्ट्रॉम थरमंड १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलत उभे होते. पण १९७० च्या दशकापासून अडवायला बोलावंच लागत नाही. चर्चा संपवायला १०० पैकी ६० मतं लागतात, ती नाहीत एवढं कळलं की विधेयक बाजूला पडतं. वेळ काढायचीही तसदी नाही. त्यामुळे आजच्या फिलिबस्टरला 'अडवणूक'च म्हणावं.

(या शब्दाचं मूळ सांगायचा मोह आवरत नाही. डच भाषेत लुटारूला जो शब्द होता तो स्पॅनिशमधून फिरून इंग्रजीत आला. १८५० च्या दशकात मध्य अमेरिकेवर खासगी टोळ्या घेऊन चालून जाणाऱ्या अमेरिकनांना फिलिबस्टर म्हणत. त्यांच्यातला विल्यम वॉकर तर १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्षच होऊन बसला. आपल्याकडे याला 'पेंढारी' म्हटलं असतं. सिनेटमधल्या पेंढाऱ्यांनी विधेयक लुटलं, हे वाक्य छापायला कोणी धजेल का, ठाऊक नाही.)

२०१० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर कंपन्या-संघटनांना बंदी घालता येणार नाही. त्यावर उतारा म्हणून निदान पैसा कोणाचा ते उघड करा असं सांगणारं विधेयक आलं. प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ५९ विरुद्ध ३९ मतं पडली. बहुमत होतं, एका मताने साठी हुकली. ही अडवणूक.

आता कोंडी पाहा. हे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय निवडणूक आयोगात सहा सदस्य असतात, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसतात, आणि कुठल्याही कारवाईला चार मतं लागतात. तीन विरुद्ध तीन झालं की तक्रार तिथेच मिटते. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तर सदस्यच इतके कमी उरले की गणपूर्तीही होईना. आणि कायदा बदलायचा तो ज्यांनी, ते सगळे याच पैशाच्या रस्त्याने निवडून आलेले. प्रत्येक जण चौकात मधोमध.

कोंडी फुटतच नाही असं नाही. २००२ मध्ये रिपब्लिकन मॅक्केन आणि डेमोक्रॅट फाइनगोल्ड यांनी मिळून कायदा करून घेतला, पक्षांना मिळणारा अमर्याद 'सॉफ्ट मनी' बंद केला. ('सॉफ्ट मनी'चं 'मऊ पैसा' करू नका हो. मर्यादेत न बसणारा, म्हणून 'मोकळा पैसा'.) २०१० च्या निकालांनंतर तोच पैसा पक्षांऐवजी 'सुपर पॅक'च्या, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर अमर्याद खर्च करणाऱ्या गटांच्या, वाटेने वाहू लागला.

वाक्याच्या पहिल्या अर्ध्याकडेही लक्ष द्या. तिथे 'निवडणूक खर्चाची मर्यादा' असा शब्दप्रयोग शिरू देऊ नका. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, त्यामुळे वाचकाला वाटेल तिथेही तसंच. तिथे उलट. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या 'बकली' निकालाने देणगी आणि खर्च यांची फारकत केली: देणाऱ्याच्या हातावर मर्यादा चालेल, खर्च करणाऱ्याच्या नाही, कारण प्रचारावरचा खर्च म्हणजे अभिव्यक्ती. म्हणून 'निवडणूक निधी' हा शब्द बरा. 'प्रचार-वित्त' तर नकोच, सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

'सुधारणा' आणि 'दुरुस्ती' हेही वेगळे ठेवा. साधा कायदा सुधारायला सिनेटमध्ये ६० मतं लागतात. पण न्यायालयाचा निकालच फिरवायचा तर घटनादुरुस्ती हवी, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं. २०१४ मध्ये सिनेटमध्ये तसा प्रयत्न झाला, ५४ विरुद्ध ४२ वर अडला. आणि 'सुधारणा' हा शब्द आधीच एका बाजूचा आहे हेही ध्यानात असू द्या. रिपब्लिकन नेते मिच मॅक्कॉनेल यांच्यासारख्यांच्या मते ही सुधारणा नव्हे, भाषणस्वातंत्र्यावर टाच आहे. २००२ च्या कायद्याविरुद्ध ते स्वतः न्यायालयात गेले होते.

राहिला 'काळा पैसा'. मराठीत काळा पैसा म्हणजे कर चुकवलेला, हिशेबाबाहेरचा, बेकायदा. डार्क मनी पूर्ण कायदेशीर असतो. फक्त देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नाही. 'निनावी पैसा' लिहा. मला स्वतःला 'गुप्तदान' फार आवडतं, देवळातल्या पेटीवर असतं तसं. पण गुप्तदानात परतफेडीची अपेक्षा नसते असं आपण मानतो, म्हणून लेखाचा सूर तिरकस असेल तरच वापरा.

तुमचं वाक्य मी असं केलं असतं: 'निवडणूक निधीचे कायदे सुधारण्याचं घोंगडं वॉशिंग्टनच्या कोंडीत भिजत पडलंय.' घोंगडं आणि चौक यांची रूपकं एकत्र आली म्हणून संपादक कुरकुरले, तर 'कोंडीत अडकलंय' असं लिहून घोंगडं काढून टाका. कोंडी राहू द्या.