रडू येतं म्हणजे विश्वास कमी पडला का?

"मिस्साला जाते, संध्याकाळचा तेर्स चुकवत नाही, तरी मनाला शांती नाही. माझाच विश्वास कमी पडतोय का?" गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमधून समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडून, विशेषतः घरात मृत्यू झाल्यानंतर, हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. (मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना.) विचारताना आवाज खाली जातो, जणू गुन्हा कबूल करतायत. आधीच माणूस गेलेलं असतं, त्यावर आपण देवाच्या परीक्षेत नापास झालो हे दुसरं ओझं. माझ्या अनुभवात पुष्कळदा हे दुसरं ओझंच जास्त जड असतं.

डिचोली तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. माहेर सावंतवाडीकडचं, शाळा मराठीतली, लग्न होऊन गोव्यात आल्या. नवऱ्याचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लीजचं (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. त्या पट्ट्यातल्या कितीतरी अंगणांत ट्रक गंजत उभे राहिले. यांचा ट्रकही गेला, कर्ज मात्र राहिलं. नवरा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला आणि एका पहाटे छातीत कळ येऊन गेला. मुलगा तेव्हा बारावीत होता.

बाई माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. जबडा सतत दुखतो, घास गिळवत नाही. रक्तदाब, थायरॉईड सगळं डॉक्टरांकडून तपासून झालं होतं. (दुःखात असलेल्या माणसाची शरीराची तपासणी आधी व्हावी, हा माझा आग्रह असतो. सगळंच मनावर ढकलू नये.) मी विचारलं, "शेवटचं कधी रडलात?"

"दफनाच्या दिवशी. त्यानंतर नाही."

"का?"

"सासूबाई म्हणाल्या, रडलीस तर त्याच्या आत्म्याला त्रास होईल. वाड्यावरच्या बायका म्हणाल्या, देवाने दिलेला खुरीस (क्रूस) आहे, वाहायला हवा. तो देवाजवळ सुखात आहे, मग तू कशाला रडतेस? मॅडम, मला वाटलं खरंच आहे. मी रडले तर माझा देवावर भरवसा नाही असं होईल."

या बायका वाईट नव्हत्या. त्यांनी जेवणं पोचवली, सातव्या दिवसाच्या मिस्साची सगळी व्यवस्था केली. पण पुनरुत्थानाची आशा त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखी वापरली, आणि जबडा त्या हाताखाली आवळत गेला.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, पण समुपदेशनात माझा विश्वास मी कुणाच्या पुढ्यात ठेवत नाही. इथे विषय त्यांनीच काढला होता आणि त्यांचा सगळा पेच त्याच विश्वासात अडकला होता, त्यामुळे बोलायचं तर तिथूनच बोलायला हवं होतं. मी विचारलं, "देवाला तुम्ही खरं काय सांगितलंय?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "काहीच नाही. पाठ आहे तेवढं म्हणते."

त्या पाठ असलेल्याकडेच आम्ही वळलो. मंगळवारी आणि शुक्रवारी तेर्सात दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, येतात. पहिलंच रहस्य गेथशेमाने बागेतलं, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचं. "त्या बागेत येशू काय करतो?" मी विचारलं. "प्रार्थना." "कसली?" त्या थांबल्या. "हा प्याला माझ्यापासून दूर कर." येशू आधी नको म्हणतो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतर येतं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तो तेच मागणं तीनदा करतो. पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना सोबत नेतो, माझा जीव दुःखाने मरणप्राय झालाय असं त्यांना उघड सांगतो, जागे राहा म्हणतो. ते झोपतात. देवाच्या पुत्रालासुद्धा त्या रात्री कुणीतरी जवळ हवं होतं. बाई लहानपणापासून आठवड्यातून दोनदा हे म्हणत आल्या होत्या, आणि तरी नवऱ्याच्या मरणाला "नको" म्हणायची आपल्याला मुभा नाही असं धरून बसल्या होत्या.

पुढच्या वेळी त्या माहेरचं मराठी बायबल घेऊन आल्या. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितलं. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, प्रार्थना म्हणून आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश अशी विलापाची आहेत, आणि वधस्तंभावर येशूच्या ओठी आलेले "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" हे शब्द त्यातल्याच २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. वाचता वाचता बाईंचा आवाज फुटला. दफनानंतर पहिल्यांदाच त्या रडल्या, आणि पुष्कळ वेळ रडल्या. मी काहीही बोलले नाही.

त्यानंतर त्यांना एकच काम दिलं. झोपण्याआधी वहीत देवाशी बोलायचं, छान नाही, खरं. पहिल्या रात्रीचं वाक्य त्यांनी मला दाखवलं: "तू त्याला न्यायच्या आधी माझ्या पोराकडे बघितलंस तरी का?" विश्वास संपलेली बाई असं लिहीत नाही. जो ऐकतोय याची खात्री आहे त्याच्याशीच माणूस असं भांडतो.

मग शांतीचं काय? संत पौलाने तुरुंगात असताना फिलिप्पैकरांना लिहिलं की बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची मनं राखील. हे वचन आपण भिंतीवर लावतो. त्याच्या आधीचं वचन मात्र सुटतं, आणि तिथे पौल सांगतो की तुमची मागणी देवाला कळवा. आधी कळवणं, मग शांती. न कळवता, ओठ मिटून जे मिळतं त्याला मी शांती म्हणत नाही. ती बधिरता असते आणि ती शरीरातून वसूल होते. मला दिसलेली शांती अशी, की दुःख तेवढंच राहतं, पण माणूस त्यात एकटा राहत नाही.

मानसशास्त्रही फार वेगळं सांगत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारं माणूस दोन बाजूंमध्ये येत-जात राहतं. कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी रोजच्या जगण्याच्या डागडुजीत. दोन्ही लागतात. म्हणून आम्ही कर्जाच्या कागदांवरही बसलो. दीर एका कागदावर सही मागत होते. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेतला अर्धा वाटा बायकोचा स्वतःचाच असतो. हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, एवढं ठरलं, आणि त्या आठवड्यात त्या थोड्या झोपल्या. गोवा सरकारच्या, विधवांनाही दरमहा मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्जही तेव्हाच भरला. प्रार्थनेने शांती मिळते यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि हक्काच्या कागदानेही मिळते हे मी पाहिलंय.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, बाई मुलाला घेऊन सिमितेरात, म्हणजे दफनभूमीत, गेल्या. तिथे पोरासमोर रडल्या आणि पोरही रडलं. तोपर्यंत दोघं एकमेकांना जपण्यासाठी वेगवेगळ्या खोल्यांत उशीत तोंड खुपसत होती.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सहा महिन्यांहून अधिक काळ गेला तरी शोकाची तीव्रता तशीच असेल, रोजची कामं होत नसतील, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. मरणाचे विचार असतील तर सहा महिने सोडा, एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. ज्या फादरना हे समजतं ते स्वतः माणसं आमच्याकडे पाठवतात.

शोकघरी जाणाऱ्यांना मी बायबलमधल्या ईयोबाच्या, मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या माणसाच्या, मित्रांची आठवण करून देते. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तेवढं त्यांनी उत्तम केलं. नंतर ते त्याच्या दुःखाची कारणं समजावू लागले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. "देवाची इच्छा" हे वाक्य ज्याचं दुःख आहे त्याने म्हणावं, त्याची वेळ आली की. शेजाऱ्याने म्हणू नये. शेजाऱ्याने बँकेत सोबत जावं.

बाईंच्या वाड्यावरची एक शेजारीण तशी गेली. खुरीस वाहायला सांगणाऱ्यांत तीही होती. बाईंनी तिला घरी बसवून ८८वं स्तोत्र वाचून दाखवलं, तेव्हापासून ती बँकेत, वकिलाकडे सगळीकडे बरोबर असते. कर्जाचे हप्ते आता लहान करून मिळालेत. जबडा कमी दुखतो, रात्री मधूनच जाग येते ती अजून येते. वहीतलं भांडण संपलेलं नाही. मागच्या भेटीत त्यांनी विचारलं की मुलगा फारसं बोलत नाही, त्याला घेऊन येऊ का. मी घेऊन या म्हटलं आहे.