बुल टेरियर, पिटबुल, स्टाफी : एकच का?

प्रश्न : निपाणीत एक जण दोन महिन्यांचं पिल्लू विकतोय. कधी त्याला बुल टेरियर म्हणतो, कधी पिटबुल, तर कधी स्टाफी. तिन्ही एकच का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मूळ एक, जाती तीन. इंग्लंडात बांधलेल्या वळूवर सोडायचे तो बुलडॉग. त्याचा टेरियरशी, म्हणजे बिळातलं सावज हुडकणाऱ्या छोट्या, चपळ कुत्र्याशी संकर केला; त्यातून झालेली कुत्री या सगळ्यांची पूर्वज. ‘पिट’ म्हणजे कुत्री झुंजवायचा हौद.

बुल टेरियर 1862च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी पुढे आणला. तो डोक्यावरून ओळखावा : कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकच उतरती कमान, डोळे बारीक आणि तिकोनी. इतर दोघांच्या कपाळाखाली ठळक खाच पडते. स्टाफी म्हणजे स्टॅफर्डशायर बुल टेरियर, परगण्याच्या नावावरून; खांद्याशी उंची 14 ते 16 इंच. नावानं जवळचा, पण वेगळ्या जातीचा अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर मात्र 17 ते 19 इंच भरतो. अमेरिकेत 1972पर्यंत त्याला नुसतं ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ म्हणत, त्यामुळे घोळ आणखी वाढला.

पिटबुलची नोंद केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) ही जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था करत नाही. ‘पिटबुल आहे, केसीआयचे कागदही आहेत’ असं कुणी म्हणालं तर कागदावरचं जातीचं नाव स्वतः वाचा. दोन महिन्यांच्या पिलाचं डोकं पुरतं भरलेलं नसतं, उंचीही कळत नाही. म्हणून आई-बाप दाखवायला सांगा आणि पिलाच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा 15 अंकी नंबर कागदाशी जुळवा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार सोडा.

प्रश्न : आमचं पांढरंशुभ्र बुल टेरियर पिल्लू हाकेला ढिम्म हलत नाही. हट्टी आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी कान तपासा, मग हट्टाचं बघू. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये जन्मजात बहिरेपण आढळतं. आतल्या कानात रंगपेशी पोचल्या नाहीत, तर ऐकण्याच्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. पिल्लू गाढ झोपलं की मागून, चार हातांवरून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवा. पाय आपटू नका, टाळी जवळ वाजवू नका. हादऱ्यानं किंवा वाऱ्यानंही ते जागं होतं आणि आपण फसतो. कान हलला तर निदान एका कानानं ऐकतंय. आवाज कुठूनही आला तरी ते एकाच बाजूला वळत असेल, तर दुसरा कान बंद असू शकतो. खात्री ‘बेअर’ (BAER) तपासणीनंच होते; आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, हे तीत मोजतात. ती कुठे होते ते पशुवैद्यांना विचारा.

बहिरं निघालं तरी शिकतं : हाताच्या खुणा ठरवा, त्या घरात सगळ्यांनी सारख्याच करा. रस्त्यावर पट्टा कधीच सोडू नका. मागून येणारी गाडी त्याला कळत नाही. आणि त्याची पैदास करू नका.