पत्रबुद्धिबळात पुस्तक उघडून खेळता येत असेल, तर ओपनिंगला अर्थ काय उरतो?

पुस्तके पाहण्याची आणि पटावर सोंगट्या हलवून चाली तपासण्याची मुभा पत्रबुद्धिबळात, म्हणजे टपालाने चाली पाठवून खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात, पूर्वीपासून आहे, त्यामुळे ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, महत्त्व उरत नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते उलट वाढते, कारण पाठांतर तेथे निरुपयोगी ठरते आणि स्वतःच्या शोधाखेरीज हाती काही राहत नाही. पाचव्या जागतिक पत्रबुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम फेरीतील (१९६५–६८) याकोव एस्ट्रिन विरुद्ध हान्स बर्लिनर हा डाव याचा उत्तम दाखला आहे.

दोन घोड्यांचा बचाव या ओपनिंगमध्ये पांढऱ्याने, म्हणजे एस्ट्रिन यांनी, घोडा जी५ वर (जी-पट्टीतील पाचव्या घरात) आणला, काळ्याने डी५ खेळले आणि पांढऱ्याने ते प्यादे मारल्यावर बी५ असे उत्तर दिले. एस्ट्रिन या बचावाचे जाणते अभ्यासक होते आणि त्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. तरीही बर्लिनर यांनी त्यांना त्यांच्याच अंगणात गाठले. आठव्या चालीला काळ्याचा वजीर एच४ वर आला. दहाव्या चालीला, डी४ वरील आपला घोडा आणि जी४ वरील आपला उंट दोन्ही पांढऱ्या प्याद्यांच्या माऱ्यात असताना, काळ्याने शांतपणे ई४ हे प्यादे पुढे सरकवले. पांढऱ्याने घोडा मारला, मग बी५ चे प्यादे उंटाने घेऊन शह दिला. काळ्याचा राजा डी८ वर गेला आणि कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करण्याचा) हक्क संपला. एवढे देऊन काळ्याला जो वेग मिळाला, त्याचा हिशेब घड्याळ लावून बसलेल्या खेळाडूला मांडता येणे मला तरी अशक्य वाटते. टपालाने चाली पाठवणाऱ्याला मात्र एकेका चालीवर कित्येक दिवस विचार करता येत असे.

ओपनिंगचे हे फळ हत्तींच्या अंतिम खेळात दिसते. माझी सर्वांत आवडती चाल तेथेच, एकतिसावी, आहे: काळ्याने एफ७ चे प्यादे वाऱ्यावर सोडून हत्ती सी८ वर नेला. पांढऱ्याने प्यादे घेताच हत्ती सी७ वर आला. तेथे हत्तींची अदलाबदल केली असती, तर एच-पट्टीवरील काळ्याच्या मोकळ्या (समोर विरोधी प्यादे नसलेल्या) प्याद्याला अडवण्यात पांढऱ्याचा राजा गुंतून पडला असता. पांढऱ्याने हत्ती मागे घेतला, काळ्याचा राजा ई५, डी४, डी३ असा थेट सी२ पर्यंत चालत गेला आणि ४२ व्या चालीला एस्ट्रिन यांनी डाव सोडला.

बर्लिनर १६ पैकी १४ गुणांनी, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल तीन गुण पुढे राहून, विजेते ठरले. पुढे एस्ट्रिनही पत्रबुद्धिबळाचे सातवे जागतिक विजेते झाले. हा डाव पट मांडूनच खेळून पाहावा आणि दहाव्या चालीशी थांबून, पांढऱ्याने दुसरे काय करायला हवे होते, ते आधी स्वतः शोधावे.