तुमचे प्रश्न : देणगी मागायला तोंड उघडत नाही

प्रश्न : नमस्कार ताई, माझे बाबा नोकरीत होते तेव्हापासून त्यांच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाचं काम बघतात, एक पैसा न घेता. गरजू मुलांच्या स्कॉलरशिपचा फंड त्यांनीच उभा केलाय. आता त्यांना फिरणं जमत नाही आणि कमिटीतले काका लोक म्हणतायत की हे मीच पुढे चालवावं. मीपण तिथेच शिकले, हिशेब चोख ठेवीन, मीटिंगा घेईन, पण कुणाकडे पैसे मागायचे म्हटलं की माझं तोंडच उघडत नाही. त्यात घरचे म्हणतात विद्यापीठाला सरकार पैसे देतं, तू कशाला दारोदार हिंडतेस. काय करू?

उत्तर : अगं, काम घे. मागायला संकोच वाटतो म्हणून सोडू नकोस, कारण ज्यांनी हे काम जन्मभर केलं त्यातल्या कितीतरी जणांना सुरुवातीला बोलताच येत नव्हतं. पार्वतीबाई आठवले बघ. धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी, तरुणपणी विधवा झालेल्या, लिहायवाचायला शिकल्या तेच मुळी विशी उलटून गेल्यावर. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन वर्गणी गोळा केली, सभांमधून भाषणं केली आणि १९१८ साली इंग्रजी जेमतेम येत असताना एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी मदतही मागितली. मला कर्व्यांइतक्याच त्या मोठ्या वाटतात आणि त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं याचं वाईट वाटतं.

आता सरकारचं. सरकारी अनुदान असतं तिथेही ते मुख्यतः पगारात आणि ठरलेल्या खर्चात जातं, एखाद्या मुलीची मेस मध्येच बंद पडली तर तिच्यासाठी लगेच पैसा काढायला त्यात जागा नसते, ती जागा तुझ्या बाबांसारख्यांचा फंड भरून काढतो. आणि कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा तर सरकारची मान्यताच नव्हती. कायदेशीर दर्जा मिळाला १९५१ मध्ये. म्हणजे मधली ३५ वर्षं ते विद्यापीठ मुख्यतः देणग्या, वर्गण्या आणि मुलींच्या फीवर चाललं, आणि त्यासाठी कर्वे सत्तरी ओलांडल्यावर १९२९ ते १९३२ या काळात युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका असे फिरले, विद्यापीठाची माहिती सांगत, मदत मागत.

तुला खरी भीती कशाची आहे ते माझ्या मते असं आहे, की नकार आला तर तो आपल्याला आला असं वाटणार. तो तुला नसतो गं, त्या दिवसापुरता त्या मागणीला असतो. महिना वाईट असेल, घरात लग्न असेल. म्हणून नकार देणाऱ्याशी बोलणं तोडायचं नाही, त्याला वर्षाचा अहवाल पाठवत राहायचं, कार्यक्रमाला बोलवायचं आणि वर्षभराने पुन्हा विचारायचं. आणि विचारताना नेमकं विचारायचं. "काहीतरी मदत करा" म्हटलं की समोरचा अवघडतो, त्याला कळतच नाही किती द्यायचे. "एका मुलाची एका सेमिस्टरची फी एवढी आहे, तुम्ही भराल का?" असं म्हण आणि मग गप्प बस, आपणच घाईघाईने "नाही जमलं तरी चालेल" म्हणून त्याची सुटका करू नकोस, हे नवीन लोक हमखास करतात.

त्याच्याही आधी स्वतःची रक्कम भर, छोटी का असेना, आणि कमिटीतल्या प्रत्येकाकडून भरून घे. स्वतः दिलेल्या माणसाला मागताना लाज कमी वाटते.

बॅचवार कामं वाटून दे. अमेरिकेत येल विद्यापीठाचा माजी विद्यार्थ्यांचा फंड १८९० पासून चालू आहे आणि त्याचा कणा म्हणजे आपापल्या वर्गमित्रांना फोन करणारे व्हॉलंटिअर. वर्गमित्राचा फोन माणूस उचलतो, ऑफिसचा टाळतो. तू एकटीने सगळे फोन केलेस तर दोन वर्षांत दमशील, आणि बाबांचंही बहुधा तेच झालंय, सगळं त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या डायरीत. आत्ताच त्यांच्याजवळ बसून कोण कधीपासून देतो, कुणाला कशाची आस्था आहे, कोण कशावरून दुखावलाय, सगळं लिहून घे. ही माहिती बँकेतल्या रकमेइतकीच मोलाची आहे.

आणि पावती वेळेवर, पैसे कुठे गेले ते सहा महिन्यांत कळवणं, यात कधी ढिलाई नको. लोक पैसे देऊन विसरत नाहीत, त्यांना कुणी काही कळवलं नाही की पुढच्या वर्षी देत नाहीत, बस.

प्रश्न : आमच्या बॅचचे बरेच जण परदेशात आहेत, त्यांना विद्यापीठाला पैसे द्यायचे आहेत. थेट खात्यात टाकले तर चालतं का?

उत्तर : आधी प्रत्येकाचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशात राहत असला तरी त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि संस्थेकडे सहसा एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते, शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. विद्यापीठाच्या वित्त विभागाला विचारल्याशिवाय कुणाला खाते नंबर पाठवू नका. इथल्या दात्यांसाठी एक गोष्ट, २,००० रुपयांच्या वर कॅश दिली तर टॅक्सची सूट मिळत नाही, म्हणून बँकेतूनच घ्या.

प्रश्न : एक मोठे उद्योजक म्हणतात, हॉलला आईचं नाव द्या तर पैसे देतो. आमच्यात दोन तट पडलेत.

उत्तर : १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि अख्ख्या विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं, नाव लागलं, तेच आपलं एसएनडीटी. त्यामुळे नावाला माझा विरोध नाही. बघायचं ते एवढंच, की नावाबरोबर आणखी काय मागतायत? कुणाला अ‍ॅडमिशन, कोण शिकवणार, काय शिकवणार यात बोट घालायचा हक्क मागत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. फक्त नाव हवं असेल तर रक्कम, हप्ते, हॉलच्या देखभालीचा खर्च कोण करणार आणि हॉल पुढेमागे पाडला तर नावाचं काय, हे सगळं कागदावर घ्या, विद्यापीठाच्या संबंधित मंडळाची मंजुरी घ्या आणि मगच पाटी करायला टाका.