‘म्युझिशियन’ म्हणजे संगीतकार का?

प्रश्न असा आहे: एका परिचयात ‘डच अभिनेता आणि संगीतकार मायकेल ह्युसमन’ असं छापलं आहे. ‘म्युझिशियन’साठी इथे ‘संगीतकार’ चालेल का? आणि नाव असंच लिहायचं का?

दोन्ही बदलायला हवं. मराठीत संगीतकार म्हणजे चाल लावणारा. गाण्याच्या श्रेयनामावलीत गीतकार, संगीतकार, गायक ही तीन नावं वेगळी येतात. सुधीर फडक्यांनी चाली लावल्या आणि गायलेही, म्हणून त्यांना आपण ‘गायक-संगीतकार’ असं जोडून म्हणतो. पेटीवर साथ करणारा किंवा व्हायोलिन वाजवणारा मात्र वादकच. हिंदीत हा शब्द जरा सैल वापरतात, तो सैलपणा अनुवादातून आपल्याकडे शिरतो. ‘संगीतज्ञ’ तर त्याहून दूरचा, त्यात शास्त्राचा व्यासंग अभिप्रेत आहे. इंग्रजी शब्द गाणारा, वाजवणारा, रचणारा या सगळ्यांना कवेत घेतो. मराठीत असा एकच शब्द रुळलेला नाही, त्यामुळे माणूस नेमकं काय करतो ते बघूनच शब्द निवडावा.

या कलावंताचा जन्म 1981चा, ॲमस्टरडॅमलगतच्या आम्स्टलफेनचा. नेदरलँड्समध्ये तो मालिका-सिनेमांत दिसू लागला त्याच सुमारास ‘फोंटाने’ नावाच्या बँडमध्ये गात होता, गिटार वाजवत होता. इथे ‘गायक-गिटारवादक’ हाच शब्द. तो स्वतःची गाणीही रचतो. त्यासाठी नुसतं ‘गीतकार’ लिहिलं तर चाल निसटते आणि नुसतं ‘संगीतकार’ लिहिलं तर शब्द निसटतात. ‘स्वतः रचून गाणारा’ हे लांबट आहे, पण खरं आहे.

2006मध्ये दिग्दर्शक पॉल व्हरहूव्हनच्या ‘ब्लॅक बुक’ या सिनेमात तो होता. पुढे ‘ट्रमे’ (2010–2013) ही अमेरिकी मालिका आली. कतरिना वादळानंतरच्या न्यू ऑर्लिन्समध्ये तो ॲमस्टरडॅमहून आलेला सनी झाला. सनी रस्त्यावर कीबोर्ड वाजवतो, शेजारी ॲनीचं व्हायोलिन. या सनीला ‘रस्त्यावरचा संगीतकार’ म्हटलं की पूर्ण पात्रच बिघडतं, कारण त्याची सगळी तगमग चांगला वादक होण्याची आहे. ‘रस्त्यावर वाजवणारा’ म्हणावं.

‘नॅशव्हिल’ मालिकेतला त्याचा लियम दुसऱ्या गायिकेचं ध्वनिमुद्रण घडवून आणतो. अशा कामाच्या ‘प्रोड्यूसर’ला आपल्याकडे सर्रास ‘निर्माता’ लिहितात. पण निर्माता म्हटलं की पैसे घालणारा डोळ्यांपुढे येतो. ‘संगीत संयोजक’ बराच जवळचा आहे, मात्र त्यात वाद्यमेळाची बांधणीच मुख्य. स्टुडिओत सगळे म्हणतात ते ‘म्युझिक प्रोड्यूसर’ मला इथे सरळ वाटतं.

जगभर ओळख झाली ती 2014पासून, ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या चौथ्या पर्वातल्या दारिओ नाहारिसमुळे. तिसऱ्या पर्वात ही भूमिका एड स्क्राइनने केली होती. हा दारिओ किंवा 2018च्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मधला स्टीव्हन, यांबद्दल लिहिताना ‘अभिनेता’ एवढंच पुरे.

आता नाव. पहिल्या नावाचा डच उच्चार ‘मिखील’, आघात दुसऱ्या अक्षरावर. मधला वर्ण आपल्या ‘ख’पेक्षा घशात घासून येतो, पण देवनागरीत ‘ख’च जवळचा. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, म्हणून ‘खी’. ‘मिखिल’ लिहिलं तर वाचणारा ते ‘निखिल’च्या चालीवर वाचेल.

आडनावात ‘घर’ आणि ‘माणूस’ असे दोन डच शब्द आहेत. पहिल्यातला स्वर आपल्याकडे नाही. ओठ गोल करून ‘एइ’ म्हणून पाहा, तो सापडेल. फुटबॉलपटू योहान क्राउफच्या नावातही तोच स्वर आहे, आणि तिथे आपल्याकडे ‘क्रायफ’ रुळलंय ते इंग्रजी वळणाने. मी ‘हाउ’ लिहितो. आडनावातला ‘स’ ‘स’च राहतो, त्याचा ‘झ’ करू नये.

‘डच’ योग्यच आहे. डचांसाठीचा ‘वलंदाज’ हा आपला जुना शब्द पोर्तुगिजांकडून आला, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तो ‘वलंदेज’ असा आहे. वेंगुर्ल्याच्या जुन्या डच वखारीबद्दल लिहिताना तो शोभतो, आजच्या नटाला नाही.

तेव्हा छापायचं ते असं: ‘डच अभिनेता, गायक आणि गिटारवादक मिखील हाउसमन’.