ऑनलाइन चार्टर शाळेचा निकाल नंतर बघा, आधी पट मोजा

प्रश्न होता: अमेरिकेतली एखादी ऑनलाइन पब्लिक चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली) खरंच चांगली चाललीये की नाही हे पालकांनी कशावरून ठरवायचं? वेबसाईटवर तर सगळ्याच भारी दिसतात.

वेबसाईट बंद करा आधी. त्यावरची हसरी पोरं स्टॉक फोटोतली असतात.

हा प्रश्न दिसला आणि गॅस बंद करून लिहायला बसले, कारण याच विषयावरून माझं आणि माझ्या दिरांचं गेली काही वर्षं धड बोलणं नाही. आम्ही ओहायोत राहतो. इकडे यायच्या आधी मी सांगली जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत नऊ वर्षं गणित शिकवलं, इथे डिपेंडंट व्हिसावर आले आणि फक्त 'आई' झाले, म्हणजे भावजींच्या भाषेत "घरीच असते ना ती".

2021 साली लेक सहावीत जाणार होती. तिला दमा आहे, त्यात कोविडची भीती. भावजींनी एक ऑनलाइन चार्टर सुचवली, नाव लिहीत नाही. सरकारी पैशावर चालते म्हणजे फी शून्य, लॅपटॉप घरपोच, शिवाय पालकांच्या सर्व्हेत नव्वद-पंच्याण्णव टक्के समाधानी. भावजी आयटीत आहेत, त्यांना डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेख दाखवणारा स्क्रीन, दाखवला की देव भेटल्यासारखं होतं. मी हो म्हटलं, ती चूक माझीच.

पहिले चार महिने सगळं हिरवंगार. हजेरी 100 टक्के, गणितात 'ए'. हजेरी 100 टक्के कशी, तर ती भरणारी मीच होते! त्यांच्याकडे पालकाला 'लर्निंग कोच' म्हणतात, रोज रात्री आपणच टाकायचं की मुलीने आज इतके तास अभ्यास केला. मी सुरुवातीला इमानदारीत तीन लिहिले तर शाळेचा फोन आला की मॅडम साडेपाच अपेक्षित आहेत, जरा नीट आठवून बघा. बाहेरचं वाचन, व्हिडिओ, स्वयंपाकात मदत, सगळं धरता येतं म्हणे. लाईव्ह क्लास आठवड्यात दोन, पाऊण-पाऊण तासाचे, त्यात साठ पोरं आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद. क्विझ तीनदा देता यायची आणि तिन्ही वेळा प्रश्न तेच, फक्त पर्याय वरखाली.

डिसेंबरात एका रविवारी उपमा करताना मी तिला सहज विचारलं, एक कप रव्याला अडीच कप पाणी घेतो, आज रवा पाऊण कपच आहे, पाणी किती घेऊ? सहावीच्या गुणोत्तराच्या धड्यातलंच गणित, ज्यात तिला 'ए' होता. तर ती म्हणाली, "आई, ऑप्शन्स काय आहेत?"

मी गॅस बंद केला. (हो, तेव्हाही. आमच्याकडे शाळेचा विषय निघाला की गॅस बंद होतो.) कागद घेऊन बसवलं, पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश इथपासून सुरुवात करावी लागली. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या आणि स्वतःच्या पोरीची वही उघडायला चार महिने लागले, कारण वही नव्हतीच, डॅशबोर्ड होता. भावजींना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, तुमच्यातली मास्तरीण जरा बाजूला ठेवा, डेटा बघा, डेटा."

आता डेटा. भावजी, तुम्हीही वाचा.

2011 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात 3 ते 5 तारखेला पटपडताळणी झाली होती. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर 52 नावं आणि बाकांवर 38 मुलं. बाकीची नावं अनुदानासाठी आणि शिक्षकांची पदं टिकावीत म्हणून. एकच पोरं दोन शाळांत मोजली जाऊ नयेत म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावत होते. राज्यभरात लाखो नावं बोगस निघाली. त्या दिवशी मला कळलं की शाळेच्या कुठल्याही आकड्याला 'कितीपैकी?' विचारल्याशिवाय अर्थ नसतो.

आणि ओहायोत हुबेहूब तेच घडलंय, फक्त बोटाच्या शाईऐवजी लॉगिनची नोंद होती. इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो, सगळे ईकॉट म्हणायचे, 2000 साली सुरू झालेली, एकेकाळी राज्यातली सगळ्यात मोठी ऑनलाइन शाळा. 2015-16 साठी त्यांनी 15,300 च्या आसपास विद्यार्थी दाखवून पैसे घेतले. राज्याने लॉगिन तपासले तर जेमतेम 6,300 मुलांचा हिशेब लागला. सुमारे 6 कोटी डॉलर परत करा म्हणून आदेश निघाला. शाळेचा बचाव काय, तर कायद्यानुसार वर्षाला 920 तास शिकण्याची संधी द्यायची आहे, ती आम्ही दिली, मुलं किती वेळ बसली हे मोजायचा तुम्हाला अधिकार नाही. हे वाचून मी एकटीच हसले, आमचे मुख्याध्यापक आठवले. जानेवारी 2018 मध्ये शाळा ऐन वर्षाच्या मध्यात बंद पडली, बारा हजारांच्या आसपास पोरं रस्त्यावर, आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही सरकारचीच बाजू उचलून धरली. संस्थापकाच्या स्वतःच्या कंपन्या त्याच शाळेला सेवा विकत होत्या ते वेगळंच.

म्हणून सांगते, समाधानी पालकांचा सर्व्हे फेकून द्या. जे वैतागून निघून गेले त्यांना कोण विचारतं? शाळेला विचारा, गेल्या वर्षी सप्टेंबरात पटावर किती होती, मे महिन्यात त्यातली किती उरली, राज्याच्या परीक्षेला किती बसली. आमच्या वेळी ऑनलाइन शाळेच्या मुलांनाही ती परीक्षा प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागली, आमची तर पन्नास मिनिटांवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती आणि तिथेच मी मोजलं, मांडलेल्या खुर्च्या 80 आणि मुलं तीसही नाहीत. लेकीचा निकाल 'बेसिक', म्हणजे पाच पायऱ्यांत खालून दुसरी. शाळेचं प्रगतिपत्रक मात्र 'ए'. हे दोन कागद शेजारी ठेवून फोटो भावजींना पाठवला होता, अजून उत्तर नाही.

मग राज्य सरकार दरवर्षी शाळेचं जे रिपोर्ट कार्ड काढतं ते उघडा. त्यात 'अचीव्हमेंट' (परीक्षेत मुलांना किती येतं ते) असतं आणि 'प्रोग्रेस' असतं. अचीव्हमेंटवरून भांडू नका, ऑनलाइन शाळेत आधीच मागे पडलेली पोरं जास्त येतात तर ते कमी दिसणारच. प्रोग्रेस बघा, म्हणजे मूल जिथे होतं तिथून वर्षभरात किती सरकलं. हायस्कूल असेल तर चार वर्षांत ग्रॅज्युएट होणाऱ्यांचं, म्हणजे बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि दहा टक्क्यांहून जास्त दिवस गैरहजर किती. एका शिक्षकामागे किती मुलं आणि आठवड्याला लाईव्ह किती तास, हे लेखी मागा. द्यायला कां-कू केलं तर समजून जा.

देशभरचं चित्र हवं असेल तर स्टॅनफर्डच्या क्रेडो संस्थेचा 2015 चा अभ्यास आहे, 17 राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी. ऑनलाइन चार्टरमधल्या प्रत्येक मुलाची तुलना त्याच्यासारख्याच, म्हणजे तेवढेच आधीचे गुण आणि तसंच घर असलेल्या, नेहमीच्या शाळेतल्या मुलाशी केली. वाचनात 72 दिवस मागे, गणितात 180 दिवस मागे. शाळेचं वर्षच 180 दिवसांचं धरलंय! 2023 च्या अभ्यासात जरा बरं, गणितात 124 आणि वाचनात 58, पण मागेच. त्यामुळे "आधीच कच्ची मुलं येतात हो" हे कारण भावजींनी मला परत सांगू नये.

बरं, एक सांगायला हवं. आमचं वर्ष कोविडनंतरचं होतं, तेव्हा सगळीकडेच गणिताची बोंब होती, सगळं पाप त्या शाळेच्या माथी मारणं बरोबर नाही. आणि आमच्या मंडळातली एक मुलगी आजारपणामुळे तीन वर्षं ऑनलाइन शिकली, उत्तम निघाली. पण तिची आजी दिवसभर शेजारी बसायची, तेव्हा निकाल शाळेचा की आजीचा ते तुम्हीच ठरवा. दोघं नोकरी करत असाल तर माझ्या मते विषयच संपला.

लेकीला सातवीला जवळच्या साध्या डिस्ट्रिक्ट (नेहमीच्या सरकारी) शाळेत घातलं, इन्हेलर नर्सकडे ठेवला, झालं.

तुम्ही राज्य कोणतं ते लिहिलं नाहीत. ओहायो असेल तर नवं रिपोर्ट कार्ड सप्टेंबरात येतं आणि शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, म्हणजे गेल्या वर्षीचं बघूनच ठरवावं लागेल. तेवढं बघून, आणि पोराला उपम्याचं गणित घालून मगच फॉर्म भरा, घरातले भावजी काहीही म्हणोत.