लेव्हलला थोडं हलू दे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

डिस्टिलेशन कॉलम, म्हणजे मिश्रण उकळवून घटक वेगळे करणारा मनोरा, तुझ्या हाती; प्रॉडक्शनला त्यात जाणारा माल, म्हणजे फीड, वाढवून हवं, क्वालिटीला ९९.५ टक्के शुद्धता, वाफ-पाणी पुरवणाऱ्या युटिलिटीवाल्यांना कॉलम तापवणाऱ्या वाफेची बचत. ऐकू कोणाचं, असं तू बुटीबोरीहून विचारलंस.

आधी काय मोडून चालणारच नाही ते ठरव. कॉलमचा दाब अन् फ्लडिंग (द्रव खाली न उतरता कॉलममध्येच तुंबणं), ही कुंपणं. मग शुद्धता. वाफ त्यानंतर. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिफायनऱ्यांत आलेलं मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलही (पुढचा अंदाज बांधून प्लांट चालवणारी संगणकी पद्धत) साधारण असंच चालतं: मर्यादा सांभाळायच्या, उरलेल्या जागेत पैसा शोधायचा. पण तो क्रम त्याला माणसानंच सांगावा लागतो.

नवीन असताना मी दोन कॉलममधल्या टाकीची लेव्हल ५० टक्क्यांवर खिळवायचा हट्ट धरला होता. गेन वाढवला, म्हणजे लेव्हल जराशी हलली तरी व्हॉल्व्ह जोरात हलेल असं केलं; ट्रेंडची, म्हणजे लेव्हलच्या आलेखाची, रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मी खूश. पुढच्या कॉलमला मात्र फीडचे हिसके बसत होते, तळाचं तापमान वरखाली, लॅबचे दोन नमुने फेल. रात्रपाळीच्या जुन्या ऑपरेटरनं लूप, म्हणजे लेव्हल मोजून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारी यंत्रणा, मॅन्युअलवर घेतला, व्हॉल्व्ह एका जागी ठेवला अन् म्हणाला, "साहेब, टाकी बांधली कशासाठी? भरू द्या, उतरू द्या." पहाटेपर्यंत लेव्हल ३५ ते ७०च्या मध्ये फिरली अन् कॉलम शांत झाला. तेव्हापासून प्रत्येक लूपपाशी मी थांबतो: हा घट्ट हवा की सैल चालेल? तुझ्याकडच्या ओढाताणीतली निम्मी तरी सैल लूप उगाच घट्ट धरल्यामुळे असेल, असं मला वाटतं.

अन् एक आपल्या नागपूरचं. सगळे मे महिन्याला भितात, पारा ४५च्या वर जातो म्हणून. पण घरचा कूलर आठव: मेमध्ये गारवा देतो, जुलैत नुसता चिकचिकाट. प्लांटचं पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरचंही तेच. दमट हवेत पाणी कोमटच परततं, त्या पाण्यावर कॉलमच्या माथ्यावरची वाफ थंड करणारा कंडेन्सर पुरा पडत नाही, दाब चढतो. दाब चढला की बहुतेक मिश्रणं वेगळी व्हायला कुरकुरतात. मग आपण रिफ्लक्स (माथ्यावरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) वाढवतो, तापवायची वाफ वाढवतो, अन् त्याच कंडेन्सरवर आणखी बोजा टाकतो. अशा दिवशी फीड थोडं उतरवणं हाच शहाणपणा. मात्र प्रॉडक्शनला ते जूनमध्येच सांग, आकडे समोर ठेवून. ऐन वेळी सांगितलंस तर भांडणच होणार.

मागच्या जुलैचे दाबाचे अन् टॉवरच्या पाण्याचे ट्रेंड काढून ठेव. रविवारी घरी घेऊन ये, दोघं बसून बघू.